आक्कांच्या विहिरीतली कासवं

१९ ऑगस्ट २००३, शाहूपुरी

पशुसंवर्धन खात्याची मंजुरी आली. म्हणून वही पुन्हा बाहेर काढली. 'वन्य व जलचर प्राण्यांच्या मृत्यूंचा अभ्यास', मुदत एक वर्ष. ऑफिसच्या मागची पत्र्याची खोली मिळाली आहे. तिथे एक दगडी ओटा, एक घरघरणारा फ्रीज, एक सूक्ष्मदर्शक आणि मी. साहेब म्हणाले, "गाई-म्हशींचं काम सांभाळून करा हं मॅडम." म्हणजे माझ्या माशा-कासवांनी दुपारी चारनंतरच मरायचं.

आबांना सांगितलं तर त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "आमी छप्पन साली ढोरं वढायचं सोडलं. आन् तू त्याचीच डिगरी घेऊन बसलीस." हे वाक्य मी कॉलेजात गेल्यापासून ऐकते आहे. पाहुण्यांसमोर तर जरा मोठ्या आवाजात. आबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. ग्रीसने माखलेले हात घेऊन जेवायला बसायचे, त्याचं काही नाही. मी मात्र आल्या आल्या अंघोळ करायची आणि मगच स्वयंपाकघरात पाय ठेवायचा. आई गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात, त्यामुळे कायदाही त्यांचाच चालतो. स्वतःचं नाव गणपती, मुलीचं संघप्रिया ठेवलं, एवढा पुढारलेला माणूस. पण मेलेल्या जनावराचं नाव काढलं की गप्प होतो.

२२ ऑगस्ट

कळंब्याच्या तळ्यातले मासे आले. कल्ल्यांवर बुरशी, बाकी काही विशेष नाही. आणून देणाऱ्याने विचारलं, "मेल्यावर डॉक्टर कशाला?" मी म्हटलं, "बाकीचे मरू नयेत म्हणून." त्याला पटलं नाही. जाताना चांगले मासे तेवढे परत घेऊन गेला.

२६ ऑगस्ट

आज एक खरं काम आलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ज्यांचा कारखाना आहे ते वर्धमानशेठ गाडी घेऊन आले. डिकीत पोतं. स्वतः फाटकाशी, नाकाला रुमाल.

"तुमचा माणूस पाठवा, मॅडम. उचलून घेईल."

"माझा माणूस म्हणजे मीच."

पोत्यात दोन मेलेली कासवं. पाठीवर पिवळ्या चांदण्या, नक्षी काढून ठेवल्यासारख्या. ही आपल्याकडची नव्हेत. बेळगावच्या पलीकडून कुणीतरी टोपलीतून आणून कागलच्या बाजारात विकतो. असली कासवं बाळगणं गुन्हा आहे, पण ते आज बोलले नाही. वर्धमानशेठ म्हणाले, त्यांच्या आई, रत्नाबाई, ती विकत घेऊन मळ्यात सोडतात. अभयदान. वडील वारल्यापासून दर सणाला. "अव्वाचा जीव आहे त्यात. आणि रविवारी पहाटे मी मळ्यात गेलतो, तर आमचा गडी गुंडू हे मेलेलं जाळीत घेऊन बांधाकडं निघालेला. विचारलं तर मान खाली. विहिरीवर औषधाचा वास मारतोय. विष घातलंय त्यानं, दुसरं काय? मला फक्त एक कागद द्या. मी त्याला आत घालतो."

"कागदावर काय लिहायचं ते कासव सांगेल," मी म्हटलं. मोठ्या रुबाबात म्हटलं.

खालची ढाल करवतीने कापावी लागली. पोटात पाला, आतडी निरोगी, चरबी भरपूर. आणि श्वासनळीत फेस, फुप्फुसं जड, त्यांत शेवाळाचे हिरवे कण. म्हणजे जिवंत असताना पाणी आत ओढलंय. हा प्राणी जमिनीवरचा. पाय हत्तीसारखे ठोकळे, पोहायला उपयोगाचे नाहीत. आपण होऊन हा विहिरीत कशाला जाईल? कुणीतरी टाकलं. गुंडूनेच असणार. तरी विषाचा संशय आहे म्हणून नमुने पुण्याला पाठवले. एक दिवस मळ्यात जाऊन यायला हवं.

मन उगीच त्या गुंडूवर चिडलं आहे. मी त्याला पाहिलेलंही नाही.

१ सप्टेंबर

मळ्यात जाऊन आले.

आजपासून जैनांचं दशलक्षण पर्व. रत्नाबाईंना सगळे आक्का म्हणतात. पांढरं लुगडं, सत्तरीच्या पुढच्या, दहा दिवस एक वेळचं जेवण. मी पोचले तेव्हा विहिरीवर पाणी गाळत होत्या. दुहेरी फडकं, त्यातून घागरीत पाणी. मग ते फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानेच बादलीत धुतलं आणि ती बादली दोराने सावकाश खाली सोडली, पार पाण्याला टेकेपर्यंत. तिथे दुसऱ्या दोरीने हलकेच कलती केली.

"फडक्यात बारीक जीव ऱ्हात्यात की. ज्या विहिरीतले त्याच विहिरीत गेले पायजेत. वरनं ओतलं तर आपटून मरत्यात, म्हणून टेकवून सोडायचं. पाण्याचा जीव पाण्यात."

मला फार आवडलं ते. आमच्या खात्यात इतक्या जपून कुणी म्हैससुद्धा हाताळत नाही.

मग त्यांनी टोपलीतून एक चांदणी कासव काढलं. त्याच्या डोक्यावर बोट फिरवलं, तोंडाने णमोकार मंत्र, आणि ते त्याच बादलीत ठेवून तसंच सावकाश खाली सोडलं. पाण्याला टेकवून. हलकेच कलतं करून.

कासव भिंतीशी गेलं. मान ताणून वर, चारही पाय वेड्यासारखे चाललेले. आक्कांनी हात जोडले. "बघा, कसं नाचतंय. सुटलं बिचारं."

शेजारच्या कपारीत विहिरीचं जुनं कासव येऊन बसलं. मऊ पाठीचं, पाण्यातलं, बोटांना पडदे असलेलं. "त्ये मालकांच्या वेळचं. त्याच पाण्यात किती वर्सं जगलंय. मग ही दोन का मेली, सांगा. गुंडू असं करायचा न्हाय हो. पर वर्धमान म्हणतोय, आन् त्यो तर मान वर करीना."

त्या क्षणी सांगायचं होतं. मी म्हणाले, "आक्का, तपासायला मला एक जिवंत लागेल." बादली पुन्हा सोडली आणि धडपडणारं ते कासव वर घेतलं. अंगाला हिरवं लागलं होतं. टोपलीतलं दुसरंही मागून घेतलं. आक्का म्हणाल्या, "न्या की. तुमच्या हातात सुखरूप."

मग त्यांनी मला जेवायला बसवलं. बाहेर पडवीत नाही, आत, चुलीजवळ, त्यांच्या शेजारच्या पाटावर. माझं आडनाव त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. आबांच्या गावी ओंजळीत वरून पाणी ओतणारी घरं मी लहानपणी पाहिली आहेत. इथे ही म्हातारी, स्वतः उपाशी, मला आग्रहाने वाढत होती. "लाजू नगा. घरच्यासारखं जेवा." मी जेवले. दोनदा भात घेतला. आणि काहीच बोलले नाही.

त्या तुसड्या असत्या, मला बाहेर बसवलं असतं, तर मी तिथल्या तिथे सांगून मोकळी झाले असते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

३ सप्टेंबर

कासवं घरी आणली आहेत. आबांनी पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी काकडीच्या साली "चुकून" त्यांच्यासमोर पडल्या. आज कळलं की समोरच्यांच्या कुंडीतली जास्वंद रोज गायब होते आहे. संध्याकाळी मी दार उघडलं तर आबा फरशीवर बसून सांगत होते, "पावणं, सावकाश खावा. कोन न्हेत न्हाय तुमचं."

मला बघताच उठले. "अंघोळ कर आधी."

४ सप्टेंबर

गुंडू ऑफिसात आला. मी डोळ्यांपुढे कुणीतरी आडदांड, बनेल माणूस उभा केला होता. हा पन्नाशीचा, चपला दाराबाहेर काढून उभा. त्याला कामावरून काढलंय. वर्धमानशेठनी गावात सगळ्यांना सांगितलंय, कागद आला की पोलीस. बायको दोन दिवस पाण्याला बाहेर पडलेली नाही.

"बाई, कागदावर काय लिवायचं त्ये लिवा. माझ्याच हातनं झालंय."

"काय झालंय?"

"सोयाबीनवर फवारा मारला की पंप म्या हिरीवर धुतो. शेठनी किती बारी सांगितलं, तिकडं वड्यावर धू म्हनून. लांब पडतंय. त्येच पानी आत गेलं असणार. मागल्या साली पैलं कासव फुगून वर आलं, तवाच मला कळलं. आक्काच्या नजरंला पडायला नगं म्हनून पहाटंच जाळीनं काढतो आन् बांधाला पुरतो. आक्काला वाटतंय बाकीची सगळी आत सुखात हायत. त्यांचं त्ये एवढंच हाय बगा, मालक गेल्यापास्नं. त्यांना कसं सांगू?"

एवढं बोलून तो रडायला लागला. चाळीस माणसांच्या ऑफिसच्या मागे, माझ्या पत्र्याच्या खोलीत. मी त्याला म्हटलं, "रिपोर्ट येऊ दे." त्याच्या पंपाने काही झालेलं नाही हे मला ठाऊक होतं. ते सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, मग कशाने? आणि त्याच्या तोंडून ते आक्कांपर्यंत जाणार. पर्व संपू दे, मी ठरवलं. म्हातारीचे दहा दिवस नीट जाऊ देत.

६ सप्टेंबर

पुण्याहून फोन आला. विष नाही. मी लगेच कागद केला: 'विषबाधेची लक्षणे व अंश आढळले नाहीत. मृत्यूचे कारण निश्चित झालेले नाही.' मला वाटलं, झालं. गुंडू सुटला, आक्काही सुटल्या. बरी युक्ती केली, असंच वाटलं मला.

तासाभरात वर्धमानशेठचा फोन. "विष न्हाय म्हणजे दुसरं कायतरी केलं असणार. निश्चित झालेलं नाही असं तुम्हीच लिवलंय. मग मी त्याला कशाला घेऊ परत? चोर तो चोरच."

त्यांचं तर्कट चूक आहे, पण धागा मीच हातात दिला.

७ सप्टेंबर

रविवार. आबांनी भाकरी थापता थापता विचारलं, "त्या गड्याचं काय झालं?" मी सगळं सांगितलं. विहीर, बादली, पंप, कागद. पर्व संपल्यावर सांगीन हेही.

"का? आत्ता का न्हाय?"

"म्हातारीला धक्का बसेल, आबा. तिने मला किती मायेने..."

"चुलीपाशी जेवाय बसवलं म्हनून तोंड शिवलं व्हय तुझं?"

मला इतका राग आला. म्हटलं, तुम्हाला माझ्या कामाबद्दल बोलायचा काय अधिकार? पंधरा वर्षं नाक मुरडताय. मढी ओढणारी म्हणताय.

आबा रागावले नाहीत. तवा उतरवला, हात धुतले आणि खाली बसले. मग जे सांगितलं ते मला आजपर्यंत कुणीच सांगितलेलं नव्हतं. आजोबांनी गाव सोडलं एवढंच मला माहीत होतं, पोटापाण्यासाठी.

"पाटलाची गाय मेली. सांजच्याला चांगली हुती, सकाळी फुगून पडली. म्हनले, ह्यानंच कायतर चारलं, कातडं मिळावं म्हनून. चावडीम्होरं बांधला माझ्या बाला. म्या आठ-नऊ वर्साचा. बा एकच म्हनत हुता, पोट फाडून बगा, माझ्या हातचं इख निघालं तर मला हितंच पुरा. कोन फाडणार? ढोरं फाडायचं काम आमचं, आन् आमचंच बोलणं खोटं. मारून मारून सोडला. त्या गाईला बी त्यालाच वढायला लावली."

खोलीत फक्त पाहुण्यांच्या नखांचा फरशीवरचा आवाज.

"तुला ठावं असून तू लिवलंस, कारण माहीत न्हाय. त्या येळंला कुनाला ठावं न्हवतं, म्हनून बा मेला तवर चोरच ऱ्हायला. आता ठावं हाय की. मग?"

मी जेवले नाही. आबांनीही आग्रह केला नाही.

८ सप्टेंबर

सकाळच्या एसटीने कागल, तिथून मळ्यात चालत. दोन्ही कासवं पिशवीत. आक्का एकट्याच होत्या.

मी पाल्हाळ लावलं नाही. कासव त्यांच्या हातात देऊन पाय बघायला सांगितले. मग विहिरीतल्या जुन्या कासवाचे पाय. "आक्का, हे पाण्याचं नाही. हे माळावरचं आहे. ह्याला पोहता येत नाही. विष नव्हतं. गुंडूच्या पंपाचंही काही नाही. ती सगळी बुडाली."

आक्का कासवाच्या पायांवरून बोट फिरवत राहिल्या.

"सगळी?"

"सगळी."

"म्हंजे त्या दिवशी नाचत न्हवतं त्ये."

"नाही."

"लवकर मरत्यात का?"

इथे खोटं बोलायला जीभ अगदी टोकापर्यंत आली होती. "नाही, आक्का. कासव श्वास धरून ठेवतं. वेळ लागतो."

त्यांनी कासव खाली ठेवलं. ते तुरुतुरु गवतात गेलं आणि खायला लागलं. आक्का त्याच्याकडे बघत होत्या. रडल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गुंडूला ठावं हुतं मरत्यात त्ये?"

"हो. त्याला वाटलं त्याच्यामुळे. तुम्हाला कळू नये म्हणून पुरत होता."

"आन् तुमाला? त्याच दिवशी कळलं हुतं नव्हं? म्हणूनच बादली वर घेतली."

मी मान हलवली.

"तवाच सांगायचं, बाई. माझा उपास काय मोडला नसता. त्यो माणूस आठ दिवस घरात बसला."

मला जेवायला थांबा म्हणाल्या नाहीत. मीही थांबले नसते. फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "कागद नीट लिवून द्या वर्धमानला. माझं नाव घालून."

दुपारी लिहून पाठवला. 'जमिनीवरील कासवे विहिरीत सोडल्याने बुडून मृत्यू.' आक्कांचं नाव घातलं नाही. कासव कुणी सोडलं हे शवविच्छेदनात दिसत नाही.

११ सप्टेंबर

काल पर्व संपलं. आज त्यांची क्षमावाणी. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्या सगळ्यांची माफी मागायची. गुंडू सांगायला आला होता, तो पुन्हा कामावर लागला आहे.

आक्का दर वर्षी ओसरीवर बसून सगळ्या गड्यांना हात जोडतात म्हणे. आज चालत त्याच्या घरी गेल्या. मागे वर्धमानशेठ, पायांत पॉलिशचे बूट, चिखलात. गल्ली बघत होती. आक्कांनी त्याच्या बायकोसमोर हात जोडले, मग त्याच्यासमोर. वर्धमानशेठ नुसते उभे. आक्का म्हणाल्या, "तू बी." मग त्यांनीही जोडले. "नीट न्हाय जोडले," गुंडू म्हणाला, "पर जोडले."

मग आक्कांनी त्याला बांधावर न्यायला सांगितलं. "कुठं कुठं पुरलंस दाव." त्याने दाखवलं तिथे तिथे बसत, हात जोडत त्या पार बांधाच्या टोकापर्यंत गेल्या. गुंडू म्हणाला, "मला चार-दोनच जागा नक्की आठवत हुत्या. बाकी अंदाजानं दावल्या. त्या थकल्यावर म्या म्हनलं, झाली."

त्याला पंपाबद्दल विचारलं. आता ओढ्यावर धुतो.

१३ सप्टेंबर

वनखात्याचा माणूस येऊन कासवं घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात कर्नाटकात माळावर सोडणार आहेत. आबांनी खोक्यात काकड्या भरून दिल्या. "वाटंत खायला," म्हणे. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला, मी भिंतीकडे.

दुपारी आबा ऑफिसात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाटलं, पाहुणे गेले म्हणून घरात करमत नसेल. दाराशी उभे राहिले, मग आत आले. ओट्यावर कळंब्याचाच एक मासा उघडा होता. नाकाला रुमाल लावला नाही. दगडावरून हात फिरवला, एसटीचं इंजिन तपासायचे तसा.

"हितंच बगतीस?"

"हो."

"गाय बी?"

"गाय बाहेर, शेडमध्ये."

"सांजच्याला चांगली आन् सकाळी फुगून मेली, तर कशानं?"

"पावसाळा होता का?"

"आत्ताचाच म्हैना. पाऊस उघडला हुता."

"कोवळी ज्वारी खाल्ली असेल, आबा. पावसाने ताण दिला की कोवळ्या ज्वारीतच विष तयार होतं. पोटभर खाल्ली की जनावर फुगतं, तासाभरात जातं. आजही दर वर्षी जातात."

आबा ओट्याला धरून उभे राहिले.

"ज्वारीतच शिरलीती ती. म्या बघितलीती. बाला मारत हुते तवा वरडून सांगितलं बी. पोराचं कोन ऐकतंय." मग जरा थांबून म्हणाले, "म्हंजे बानं न्हवतं केलं."

"नाही आबा. त्यांनी नव्हतं केलं."

न बघितलेल्या जनावराचं निदान मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. साहेबांनी ऐकलं असतं तर मला फाडून खाल्लं असतं. पण ह्या कारणाखाली मी सही करायला तयार आहे.

आबा निघून गेले. मला वाटलं वास सोसला नसेल.

रात्री घरी आले तर ताटं वाढलेली. सवयीने टॉवेल घेऊन न्हाणीकडे निघाले, तर मागून हाक आली, "कुठं चाललीस? जेवान थंड व्हतंय. हात धू आन् बस."